मन्मथप्पांनी बुजवलेले खड्डे

आप्पांनी आजवर मला मागून कधी सुट्टी दिली न्हाई. मग त्या दिवशी न मागता दिली, तवाच माझ्या मनात पाल चुकचुकायला पायजे व्हती. "भिमाबाई, उद्या मोठा साहेब येणार. आज बायांना आराम द्या, बाजार करून या," आसं गोड बोलले, आन आमी सगळ्याजणी खुळ्यावानी जीपमधी बसून केजला गेलो. मी तर बांगड्याबी भरल्या. आता सांगतानाबी माझं डोकं फिरतंय.

आप्पा म्हंजे मन्मथप्पा, धारूरच्या पेठेतले कापडवाले. कपाळावर भस्माचे पट्टे, अंगात पांढरा सदरा, आवाज आसा की गिऱ्हाईक रुमाल घ्यायला जातंय आन लुगडं घेऊन येतंय. माणूस वाईट न्हाई, फक्त हौशी हाय. घाटाच्या कडंला त्यांचं लई माळरान पडून व्हतं. मुरूम, धोंडे आन तरवडाची झुडपं. तिथं शेरडंबी चरायला नाराज असायची. पुण्यात आप्पांच्या व्याह्यांनी गोल्फ क्लबाची मेंबरशिप घेतली. ते आप्पांना सहन झालं न्हाई. व्याह्यानं मेंबरशिप घेतली म्हणून ह्यांनी अख्खं मैदानच काढलं.

आन त्या मैदानाचा आराखडा कुणी केला? माझ्या भाचीनं. माझा भाऊ शहादेव, त्याची ज्योत्स्ना. औरंगाबादेत इंजिनेर झाली, मग बंगळूरला जाऊन हीच मैदानं कशी आखायची ते शिकून आली. आप्पांना आधी पुण्याचाच माणूस पायजे व्हता, पण पुण्याच्या माणसानं माळ बघितला आन चहा न पिता निघून गेला. ज्योत्स्ना माळ बघून म्हणाली, "आप्पा, ह्याच्यासारखी जागा शोधून सापडणार न्हाई." मला वाटलं पोरीला ऊन लागलं.

खेळ म्हणाल तर आसा. लिंबाएवढा पांढरा चेंडू, त्याला लोखंडी काठीनं जीव खाऊन हाणायचं. मग हाणलेल्या चेंडूमागं आपणच पायपीट करायची, आन सापडला की परत हाणायचं. झेंड्याच्या बुडाला भोक आसतंय, त्यात गेला की सुटलो. आसे अठरा झेंडे. मी एकदा म्हणलं, "आगं, हातात धरून नेऊन टाकला तर?" ती हसायला लागली. "आत्या, अवघड करायचं, त्याचाच तर मला पगार हाय."

अवघड करायला तिनं मैदानभर खड्डे काढले. बंकर म्हणतेत त्याला. कमरंएवढे खोल, तळाला वाळू, चेंडू पडला की खेळणाऱ्याची फजिती. ते खड्डे कुठं काढायचे ह्याच्यासाठी ती पोरगी चार महिने उन्हात हिंडली. वारं कुठून येतंय, चेंडू कुठं उतरंल, शहाणा कुठनं मारंल, लोभी कुठनं मारंल. "आत्या, हा खड्डा लोभी माणसासाठी," आसं बोट दाखवून सांगायची. मला ते लई पटलं. माझ्या ओळखीतल्या दोघातिघांना मी मनातल्या मनात त्या खड्ड्यात ढकलूनबी बघितलं.

आता माझं सांगते. मी आन माझ्या बाया, आमी सगळ्या ऊसतोडीच्या. दरसाल दिवाळी झाली की टोळीची गाडी दारात, बिऱ्हाड गाडीत, आन उन्हाळ्यापर्यंत परक्याच्या फडात. पहाटंच्या थंडीत ओल्या उसाला हात घालायचा, पाचटाच्या कोपीत धुरात भाकर थापायची. माझी कंबर त्यातच गेली. ह्या मैदानावर गवत कापायला आन खड्ड्यातल्या वाळूवर दाताळ्याचा पंजा मारायला आल्यापासून पहिल्यांदा वाटलं, आता आपल्या दारात ऱ्हावं, आपल्या चुलीवर शिजवावं. पण आप्पांनी आमाला दिवाळीपर्यंतच ठेवलं व्हतं. मैदान तपासणीत पास झालं आन मोठी स्पर्धा मिळाली तर पुढचं बघू. नापास झालं तर प्लॉट पाडून इकणार. म्हंजे येणाऱ्या साहेबाच्या एका शब्दावर आमचं समदं लटकलेलं. मला परत उसात जायचं न्हवतं, दुसरं काय मागणं न्हवतं माझं.

तर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आमी मैदानावर गेलो. फाटकावर केळीचे खांब. पहिल्या झेंड्यापाशी मांडव, त्यात सोफा. वाटंच्या दोन्ही अंगाला चुन्याच्या रेघा, पार हिरवळीतून झेंड्यापर्यंत. झेंड्याभोवती रांगोळी, आन हलगीवाले मांडवामागं बिड्या ओढत बसलेले. एवढं समदं मी गिळलं. मग वाळूला पंजा मारावा म्हणून पहिल्या खड्ड्याकडं गेले, तर खड्डाच न्हाई.

मला वाटलं मीच चुकले. मागं आले, परत गेले. तर लोभी माणसाचा खड्डा मुरूम टाकून, पाणी मारून, वरून रोलर फिरवून चापूनचोपून सपाट केलेला. दुसऱ्या झेंड्याचाबी तसाच. तिसऱ्याचाबी. 

तेवढ्यात आप्पा आले, अंगावर इस्त्रीची घडी. "कसं दिसतंय, भिमाबाई? तुमी म्हणाल, आप्पांनी एका दिवसात करून दावलं!"

"आप्पा, खड्डे कुठं गेले?"

"बुजवले की! रस्त्याच्या ठेकेदाराचा रोलर आणला. तो म्हणला, तपासणी हाय का? मी म्हणलं हाय. तो म्हणला, मग बुजवावंच लागंल. सहाव्या झेंड्यापर्यंत झालं, मग रोलरचं डिझेल संपलं. न्हाईतर अठराच्या अठरा बुजवले आसते."

"आवो, ते मुद्दाम काढलते!"

"मुद्दाम कोण खड्डे काढतंय, बाई? पोरीच्या हातून ऱ्हायले आसतील, मी पदर घातला. तपासणीला आलेल्या माणसाला कुणी खड्डे दावतंय का?"

 आमच्याकडं साहेब येणार म्हणलं की रस्त्याचे खड्डे आदल्या दिवशी बुजतेत, झाडांच्या बुडाला गेरू-चुना लागतोय, शाल-श्रीफळ येतंय. साहेब गेला की पहिल्या पावसाला खड्डे परत आपल्या जागी हजर. आप्पा धारूरात एका शाळेचे अध्यक्ष. तिथल्या किती तपासण्या त्यांनी आशाच पार पाडल्या, त्यात त्यांचा हात कुणी धरणार न्हाई. त्यांना वाटलं हीबी तसलीच. पण मला तवा एवढा इचार करायला सवड कुठं व्हती? मी तोंड सोडलं. "तुमी आमच्या पोटावर रोलर फिरवला, आप्पा! ते खड्डेच बघायला तो माणूस इमानात बसून आलाय! खड्डे न्हाईत तर मैदान नापास, आन पुण्याचे व्याही हसतील तुमाला पोट धरून!"

पोटाचं त्यांना कळलं का न्हाई मला माहीत न्हाई, पण व्याह्यांचं कळलं. आप्पा मांडवातल्या सोफ्यावर मटकन बसले. "शिव शिव," म्हणले, "आता वो?"

मी ज्योत्स्नाला फोन लावला. ती आदल्या दिवशी सकाळीच साहेबाला घ्यायला औरंगाबादेला गेलती आन आता त्याच्याच गाडीत बसून येत व्हती.

"आत्या, मांजरसुंब्याला थांबलोय. सर इडली खातायत."

"आप्पांनी सहाव्या झेंड्यापर्यंत खड्डे बुजवले."

 शेजारी साहेब बसलेला, पोरगी बोलणार तरी काय? मग एकदम गोड आवाजात म्हणाली, "हो का? छान छान. आणि हिरवळीवर पण रोलर फिरवला का?" मला तिच्या आवाजातलं रडू ऐकू आलं.

"तू साहेबाला आजून एक प्लेट इडली खाऊ घाल," मी म्हणलं आन फोन ठेवला.

बायांना म्हणलं, कुदळी घ्या, फावडी घ्या, पाट्या घ्या. उसाच्या फडात पात धरायचो तशी पात धरली, एकेकीला एकेक पट्टा. खाली वाळू तशीच व्हती, तिच्यावर मुरूम थापलेला. पण रोलर आसा फिरवला व्हता की कुदळ टणाटण वाजायची. साहेब यायच्या आत फक्त पहिल्या झेंड्याचे खड्डे मोकळे झाले. सहाही झेंड्यांचे एका दमात उकरणं शक्यच न्हवतं. मग मी आप्पांपुढं जाऊन उभी ऱ्हायले.

"आप्पा, आमी पुढं उकरत जातो. तुमी साहेबाला मागं धरून ठेवा. एकेका झेंड्याला जमंल तेवढा येळ खा."

"कसा खाऊ?"

"तुमचंच काम हाय की ते. सत्कार करा!"

आप्पांच्या तोंडावर परत उजेड आला. दुकानातनं शालींचा गठ्ठा मागवला. त्यांच्या मालकीणबाई, शिवकांताबाई, घरनं धपाटे, दही आन शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. काय झालंय ते त्यांना सांगितलं तर त्यांनी नवऱ्याकडं एकदाच बघितलं. त्या बघण्यात समदं आलं.

साहेब आला. अमरसिंह नाव, कोल्हापूरकडचा, उंचापुरा, दाढी पांढरी. जन्मभर हाच खेळ खेळून कमावलेला, आन आता देशभर फिरून मैदानं तपासणारा. कमी बोलणारं माणूस. मागं ज्योत्स्ना, तोंड पांढरंफटक. पहिल्या झेंड्यापाशी त्यानं काठी उगारली आन मांडवामागनं हलगी सुरू झाली. चेंडू गेला तरवडात.

"खेळताना शांतता लागते," साहेब म्हणला.

"लागणारच की," आप्पा म्हणले आन त्याच्या डोक्याला फेटा बांधायला घेतला. फेटा बांधायला जेवढा येळ लागतोय त्याच्या तिप्पट लावला. दोनदा सोडून परत बांधला. तेवढ्यात आमी दुसऱ्या झेंड्याचा मुरूम उपसला. दुसऱ्या झेंड्याला शाल. तिसऱ्याला श्रीफळ आन आप्पांचं भाषण: धारूरचा किल्ला कुणी बांधला हितपासून सुरुवात केली, आन साहेब हातात नारळ घेऊन उन्हात उभा. चौथ्याला धपाटे. शिवकांताबाई आग्रहाला लई घट्ट. साहेब नको नको म्हणायचा आन पुढचं धपाटं पानात पडायचं. आमी पुढं घामानं न्हात व्हतो, माझी कंबर ओरडत व्हती, पण उकरत व्हतो. पाट्या भरायच्या, तरवडामागं रिकाम्या करायच्या, वाळूवर पंजा मारायचा, आन चेंडू दिसला की पुढच्या झेंड्याकडं पळायचं.

चौथ्या झेंड्याच्या खड्ड्यात साहेब उतरला. वाळू मुठीत घेतली, निरखून बघितली. वाळूत मुरूम मिसळलेला, लालसर दिसायचा.

"ही वाळू लाल कशी?"

मी जवळच पाटी घेऊन उभी. जिभेला हाड न्हाई माझ्या. "पाव्हणे आले की आमच्याकडची वाळू लाजती, साहेब."

ज्योत्स्नानं डोळे मिटून घेतले. साहेबानं माझ्याकडं बघितलं, माझ्या हातातल्या पाटीकडं बघितलं, पुढं पळणाऱ्या बायांकडं बघितलं.  पाचव्या झेंड्याकडं मातर मुद्दाम सावकाश चालत गेला. मला तवाच वाटलं, ह्याला समदं कळलंय.

पण सहाव्याला आमचं गाडं आडलं. खड्डे उकरता येतेत वो, पण झेंड्याभोवतीची हिरवळ? तिथं ज्योत्स्नानं उंचसखल ठेवलं व्हतं, मधी पाठ काढलेली, म्हंजे चेंडू वळत वळत जायचा. बाकीच्या हिरवळी वाचल्या, पण हिच्यावर बरोबर रोलर बसलेला. उंचवटा गेला तो गेला. कुदळीनं पाठ कशी परत आणणार?

साहेबानं चेंडूला हळूच टोचलं. चेंडू सरळ भोकात. परत लांबनं मारला. सरळ भोकात. मग आराखड्याचा कागद उघडला, ज्योत्स्नापुढं धरला.

"ह्यात उतार दाखवलाय. इथे पोळपाट आहे. कुणाही नवशिक्याला जमेल. हे तुम्ही आखलंत?"

पोरीनं आप्पांकडं बघितलं.  मैदान आप्पांचं, पाहुणा आप्पांचा, आन चारचौघांत मालकाचं नाव कसं घ्यायचं? चार महिन्यांचं काम तिच्या डोळ्यांदेखत जात व्हतं आन ती गप उभी. माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी पाटी खाली आपटली आन तोंड उघडणार, तेवढ्यात आप्पा पुढं आले.

"पोरीनं उतारच काढलता, साहेब. मी रोलर फिरवला. खड्डेबी मीच बुजवले. ह्या बाया सकाळपासून तुमच्या पुढं पळून उकरतेत, आन मी तुमाला धपाट्यावर आडकवतोय."

आप्पांना मी इतकी वर्सं वळखते. पाहुण्यापुढं आपली चूक त्यांनी कबूल केलेली मी कधी बघितली न्हवती, शिवकांताबाईंनीबी न्हाई. बाईंनी तोंडाला पदर लावला.

"का बुजवले?" साहेबानं इचारलं.

"पाहुण्यापुढं खड्डे कसे ठेवायचे, साहेब? आमच्यात तसं करत न्हाईत."

 साहेबाचे आधी खांदे हालायला लागले, आन मग तो माणूस जो हसत सुटला, फेटा डोळ्यांवर आला तरी थांबंना. हसून झाल्यावर डोळे पुसले आन म्हणला, "आता पुढे रोलर नाही ना? मग चला. सत्कारही नको."

सातव्यापासून पुढं समदं ज्योत्स्नानं आखलं तसंच व्हतं. साहेब कागद धरून एकेक जागा बघायचा, वाऱ्याकडं तोंड करून उभा ऱ्हायचा, ज्योत्स्नाला इचारायचा, हा खड्डा हिथं कावून, तो तिथं कावून. तिचा आवाज परत आला. ती हात हलवून सांगायला लागली आन साहेब मान डोलवायला लागला. बाराव्या झेंड्याला तो म्हणला, दरीकडनं सरळ मारतो, दोन फटके वाचतील. ज्योत्स्ना गालात हसली. चेंडू वाऱ्यानं वळला आन खड्ड्यात पडला.

साहेब उतरला, हाणलं. वाळू उडाली, चेंडू तिथंच. परत हाणलं, चेंडू कडंला आपटून पायाशी. परत, परत. फेटा सुटून गळ्यात आला. शेवटी त्यानं काठी फेकली आन आशी एक कोल्हापुरी शिवी हासडली की लांब मांडवातले हलगीवालेसुदिक चपापले.

"कुणासाठी खणलाय हा?"

"लोभी माणसासाठी, सर," ज्योत्स्ना म्हणाली.

साहेब वाळूत बसला आन परत हसला. मी मनात म्हणलं, झालं, गाडी रुळावर आली.

अठरा झेंडे झाल्यावर मांडवात बसलो. साहेबानं पाणी मागितलं. "मैदान चांगलं आहे," म्हणला. "आखणी करणाऱ्या मुलीला खेळणाऱ्याचं मन कळतं. सहावी हिरवळ तिच्या आराखड्याप्रमाणे पुन्हा करा. पण एक मोठी अडचण आहे, आणि ती दूर झाल्याशिवाय मी पास करणार नाही."

 म्हणलं, गेलं. आली टोळीची गाडी दारात.

"घाटाच्या तोंडाचं वारं आहे हे," साहेब म्हणला. "वाळू रोज उडणार, कडा रोज ढासळणार, गवत एक आठवडा सोडलं तर रान होणार. दिवाळीपुरती माणसं ठेवून हे मैदान टिकणार नाही. ह्याच्यावर रोज हात फिरला पाहिजे. बारा महिने. माणसं कायमची ठेवा आणि आज मला लिहून द्या. नाहीतर स्पर्धा दुसरीकडे."

"बारा महिने?" आप्पा दचकले. "साहेब, सहा महिन्यांवर भागवलं तर..."

"आवो," शिवकांताबाई धपाट्याचा डबा झाकत म्हणल्या, "व्याह्यांना काय सांगणार?"

आप्पांनी एकदा बायकोकडं बघितलं, एकदा पुण्याच्या दिशेला बघितलं, आन खिशातनं पेन काढला. "ठेवली," म्हणले. "कुणाला ठेवायचं?"

"उकरणाऱ्यांना," साहेब म्हणला. "आणखी कुणाला?"

मला ऐकू आलं, पण आत उतरंना. मी ज्योत्स्नाचा दंड धरला. "काय म्हणला गं तो?"

"बारा महिने, आत्या. तुमाला सगळ्यांना."

मी मटकन खाली बसले आन मोठ्यानं रडले. हातभर बांगड्या, अंगभर मुरूम, आन ढसाढसा रडले. बायाबी रडायला लागल्या. आप्पा घाबरले, तांब्या घेऊन धावत आले.

"कावून रडता, भिमाबाई? पास झालंय की!"

"रडू द्या की वो, आप्पा! तुमचं काय जातंय!" मी वराडले, आन परत ज्योत्स्नाचा हात धरला. "पोरी, किती महिने म्हणला? परत एकदा सांग."